तलावाची ओटी

"मावशी, बूट बाहेर काढू का?"

अंगणात पाय टाकता टाकता त्या बाईनं विचारलं. घोट्यापर्यंत चिखल, डोक्यावर पोरांसारखी टोपी आणि खांद्यावर लोखंडी गिरमिट, माझ्यापेक्षा उंच. मी ओसरीवर लाखोरीची डाळ निवडत बसले होते. उठले नाही.

"मावशी कायची? माझ्या मायले मी एकटीच लेक. बहीणच नाही तं मी मावशी कोणाची होऊ?"

तिच्या मागं उभी असलेली पोरं-पोरी खाली बघून हसली. बाईही हसली. वाकून बूट काढले, भिंतीला टेकवले आणि म्हणाली, "मग काय म्हणू?"

"गाव मले मोठीबाई म्हणते. जमत असन तं म्हणा."

"जमेल, मोठीबाई. मी केळुसकर. ही माझी मुलं. आठवडाभर तुमच्या हातचं जेवणार."

"सगळी तुमची?"

"शिकायला आलेली. पण त्रास पोटच्यांइतकाच देतात."

तिथं ती मला जरा आवडली.

त्या वर्षी आमचा कुरणबांध तलाव शिकवणीसाठी निवडला होता. सरकारचा कायदा आहे म्हणे, पाणथळ जागेत भराव टाकायचा नाही, घरं बांधायची नाहीत. पण पाणथळ कुठून सुरू होते आणि कुठं संपते, ते काही जमिनीवर लिहिलेलं नसतं. ती रेघ कुणीतरी चालून, खणून, बघून ठरवावी लागते, आणि त्या कामाला माणसं तयार करावी लागतात. ही पोरं तेच शिकायला आली होती. सरपंचानं त्यांना शाळेत उतरवलं आणि जेवणाचं विचारायला माझ्याकडं आला. विचारायला म्हणजे विनवायला. आम्ही ढिवर, तलावातल्या मासळीवर जगणारे, आणि मरळीचं कालवण माझ्यासारखं आमच्यातही कुणाला जमत नाही. हे मी सांगत नाही, जेवून गेलेले सांगतात.

मी हो म्हटलं त्याचं कारण मात्र वेगळं होतं. घर मुकं झालं होतं. चार परकी माणसं आली तर भांड्यांचा तरी आवाज होईल, असं मला वाटलं.

खेमेश्वरी माझी सून, हेमराजची बायको. संक्रांतीनंतर तिची लेक गेली. छातीत कफ भरला म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात नेली, ती टॉवेलात गुंडाळून परत आली. दात यायचे होते अजून. हेमराज हैदराबादला बांधकामावर होता. आला, भिंतीकडं तोंड करून बसला आणि परत गेला. खेमेश्वरी घरात राहिली, पण राहिली म्हणजे नुसती वावरली. भांडी घासायची, पाणी भरायची, ताटातला भात इकडचा तिकडं करायची. तोंडातून एकच गोष्ट निघायची.

"कुठं ठेवलं, आत्याबाई?"

ते फक्त मला माहीत होतं.

आमच्यात दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत. तलावाच्या ओटीत ठेवतात. ओटी म्हणजे काठाचा तो पट्टा, जो पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. पुरुष हात लावत नाहीत. घरातली मोठी बाई लेकराला एकटी नेते, एकटी खणते, वर कसली खूण ठेवत नाही आणि हात धुऊन घरी येते. जागा कुणाला सांगत नाही. आईला तर नाहीच नाही. आईला जागा कळली की ती तिथं जाऊन बसते, मग पान्हा आटत नाही आणि कूस पुन्हा भरत नाही. माझ्या सासूनं मला हे सांगितलं, तिला तिच्या सासूनं. पाणी चढलं की तलाव लेकराला मांडीवर घेतो आणि मग ते त्याचं होतं.

"सांगा ना, आत्याबाई. मी जाणार नाही तिथं. फक्त सांगा."

"तलावाले विचार," मी म्हणायची. एवढंच. गोड बोलून तिला अजून रडवण्यापेक्षा ते बरं होतं.

पहिल्या दिवशी जेवण तलावावरच न्यायचं ठरलं. मी डोक्यावर टोपलं घेतलं, खेमेश्वरीच्या डोक्यावर पाण्याची कळशी दिली. चैत्र होता. पाणी पार मागं हटलं होतं आणि ओटी उघडी पडून भेगाळली होती. पोरं काठच्या जांभळीच्या झाडाखाली सावलीला बसली. मी बाजूला उन्हात बसले.

उन्मेष म्हणून एक पोरगा होता, पाठकांचा, चष्मेवाला. तो म्हणाला, "मोठीबाई, इकडे या ना. तिथे डोकं तापेल."

"माझं डोकं तापलेलंच असते. तू जेव."

केळुसकर मॅडमनं जेवणाआधी गिरमिट जमिनीत फिरवलं आणि मातीची लांबच्या लांब कांडी बाहेर काढून प्लास्टिकवर आडवी ठेवली. एक छोटी पुस्तिका काढली, तिच्यात मातीच्या रंगाचे चौकोन आणि शेजारी भोकं. भोकाखाली माती धरायची आणि रंग जुळवायचा. साडीला ब्लाऊज जुळवतात तसं.

"वर तपकिरी," ती म्हणाली. "खाली काय दिसतंय?"

"राखेसारखी करडी," उन्मेष म्हणाला. "आणि मुळांच्या कडेनं गंज चढल्यासारख्या रेघा."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे पाणी असतं."

"आज आहे?"

"नाही."

"तेच लक्षात ठेवा. पाणी निघून जातं, पण खुणा सोडून जातं. मातीत, गवतात, झाडाच्या बुंध्यावर. आपण पाणी शोधत नाही, खुणा शोधतो. खुणा संपल्या, की झेंडी."

त्यांच्याजवळ तारेच्या काडीला बांधलेल्या छोट्या नारिंगी झेंड्या होत्या. एका पोरीनं विचारलं, "आणि नक्की कळलंच नाही तर, मॅडम?"

"सगळ्या खुणा पुन्हा बघायच्या आणि अंदाजानं लावायची. पण लावायचीच. मधेच जागा सोडून पुढे जायचं नाही. चुकलेली झेंडी कुणीतरी दुरुस्त करतं. सोडून दिलेल्या जागेकडे कुणी परत बघत नाही."

मी भात वाढत होते. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"मॅडम, एकदा खणून बुजवली असन, तं ती माती ओळखू येते का?"

खेमेश्वरी होती. कळशी कडेवर तशीच. माझ्या हातातला डाव भातात अडकला.

मॅडमचा चेहरा खुलला. तिला काय माहीत! "वा! हा प्रश्न यांच्यापैकी कुणी विचारला नाही बघ. येते ओळखू. हे थर असतात ना, ते खणताना एकमेकांत मिसळतात. करड्यात तपकिरी, तपकिरीत करडी. पुन्हा एकसारखे व्हायला कितीतरी वर्षं लागतात."

"आणि मंग?"

"मग नाही कळत. जणू कधी खणलंच नव्हतं."

घरी येईपर्यंत मी दम धरला. दारात पाय ठेवला आणि तोंड सोडलं. "लोकाइले पाणी पाजाले नेलं होतं तुले, का माती विचाराले?"

तिनं कळशी उतरवली. "तुम्हीच म्हणत होत्या ना, तलावाले विचार म्हणून."

दुसरी कुणी असती तर मी तिला तिथंच वाजवली असती. पण त्या दिवशी ती जेवली. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. संक्रांतीपासून पहिल्यांदा. मी मनात म्हटलं, शोधू दे. तलावाची ओटी काय हातभर आहे? बांधाच्या पाळीपासून पार देवधानाच्या, म्हणजे रानटी भाताच्या, पट्ट्यापर्यंत पसरलेली, म्हशींनी तुडवलेली. सापडायचं नाही, पण चार लोकांत वावरेल, भुकेनं जेवेल.

सकाळी ती म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही पण रोज या. परक्या लोकांत मले एकटीले कसंतरी वाटते."

खरं सांगते, मला बरं वाटलं. सुनेला माझी गरज होती.

मग रोज तेच. पोरं पाळीकडून सुरू करून ओटीच्या कडेकडेनं पुढं सरकत होती. थोडं चालायचं, गिरमिट फिरवायचं, माती बघायची, झेंडी लावायची. मी उंचवट्यावर टोपलं घेऊन बसायची. खेमेश्वरी पाणी द्यायला म्हणून जायची ती तिथंच थांबायची. दोन दिवसांत तिच्या हातात गिरमिट आलं. अंगात बळ होतंच, जाळी ओढणाऱ्या घरची पोर ती. कुठं बेशरमाची झाडं माजलीत, कुठं माती मोकळी आहे, ते ती दाखवायची आणि मॅडम तिचं ऐकायची.

"हिला मी घेऊन जाते, मोठीबाई. या सगळ्यांपेक्षा हात चांगला आहे हिचा."

"न्या. पण मंग भांडे घासाले उन्मेषले ठेवा."

उन्मेषची गंमत तर वेगळीच. घरी अंडंसुद्धा चालायचं नाही त्याच्या, आणि आता मरळीचं डोकं मागत होता.

"तुझ्या मायले सांगू का रे?"

"सांगा. पण आधी डोकं वाढा."

सगळे हसले. खेमेश्वरीसुद्धा हसली, किंवा ओठ हलले तिचे. मी मनात म्हटलं, पोर परत आली.

एक गोष्ट मात्र मी पाहत होते. गिरमिट टेकवलं की ती मातीकडं बघायची नाही, माझ्याकडं बघायची. प्रत्येक वेळी. नवी नवरी पहिल्यांदा चुलीशी बसली की मीठ टाकताना सासूकडं बघते ना, तसं. मला वाटलं, बरोबर जमतंय का, ते विचारते. मी मान डोलवायची.

जांभळीपाशी आली तेव्हाही तसंच. सावलीच्या कडेला तिनं गिरमिट टेकवलं आणि वर बघितलं. मी पदर नीट करायला मान वळवली. बराच वेळ नीट करत होते. तिनं कांडी काढली. करडी, गंजाच्या रेघांची, थर जिथल्या तिथं.

"इथे कुणी कधी खणलेलं नाही," उन्मेष म्हणाला.

"किंवा फार पूर्वी खणलंय," मॅडम म्हणाली, आणि सगळे पुढं गेले.

शेवटच्या दिवशी देवधानाचा पट्टा तेवढा राहिला होता. उन्हानं कोमेजलेलं ते गवत जमिनीला चिकटलं होतं आणि त्याच्या अलीकडं मोकळी ओटी. मी सकाळपासून पोटदुखीचं सोंग करणार होते. पण मी गेले नसते तर तेही तिला दिसलं असतं, असं कुठंतरी वाटत होतं. का वाटत होतं, ते अजून कळलं नव्हतं.

"मॅडम, हे शेवटचं मी एकटीच करू?" खेमेश्वरी म्हणाली.

"कर की."

ती गिरमिट घेऊन चालायला लागली. टोक जमिनीपासून वीतभर वर. भरलेली घागर घेऊन बाई चालते तशी, सावकाश. पोरं तिच्या पायांकडं बघत होती. तिनं मात्र जमिनीकडं एकदाही बघितलं नाही. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते.

आणि मला कळलं. इतके दिवस तिनं माती वाचलीच नव्हती. ती मला वाचत होती.

तालुक्याच्या बाजारात मासळीचे दलाल माझ्या तोंडावरून भाव ओळखू शकत नाहीत. नवरा गेला तेव्हा गावासमोर मी डोळ्यात पाणी येऊ दिलं नाही. मी तोंड दगडासारखं केलं आणि पाळीवर एक बगळा बसला होता, त्याच्याकडं बघायला लागले. पण कानांचं काय करणार? तिची पावलं ऐकू येत होती. पावलं पुढं गेली. माझा अडकलेला श्वास सुटला. पावलं थांबली. मागं आली.

मी बगळ्याकडंच बघत राहिले. गिरमिटाचं टोक मातीत गेल्याचा आवाज आला. मग मूठ फिरली, एकदा. हे लोखंड किती खोल जातं ते मी आठवडाभर बघत होते. माझी कमर बुडेल त्याहूनही खोल जातं.

मूठ पुन्हा फिरली.

"खेमे! काढ ते! हात काढ, हात काढ म्हणते ना!"

तिनं हात सोडले. चटका बसल्यासारखे. गिरमिट तसंच उभं राहिलं, जमिनीत रुतून. मी धावत होते, टोपलं कुठं पडलं ते मला माहीत नाही.

"काय झालं, मोठीबाई?" मॅडम ओरडली. "साप आहे का?"

हो म्हणता आलं असतं. अजूनही म्हणता आलं असतं.

खेमेश्वरीनं मला विचारलं, अगदी हळू, "इथं?"

मी मान हलवली.

"किती खोल?"

"माझ्या कमरेइतकं. लोखंड तिथवर गेलं नाही. थोडंच गेलं. मी ऐकत होती."

"कशात गुंडाळलं?"

"माझ्या लग्नाच्या लुगड्यात."

"पायातले वाळे?"

"नाही काढले. तशीच ठेवली."

ती खाली बसली. रडली नाही. तिनं भेगाळलेल्या मातीवर दोन्ही तळहात ठेवले, तापलेलं अंग बघतात तसे, आणि डोळे मिटले.

मॅडमला कुणी काही सांगितलं नाही. तिनं डोक्यावरची टोपी काढली. पोरांना खूण केली, तशी ती जांभळीकडं निघून गेली. उन्मेष चष्मा पुसत होता. मॅडमनं गिरमिट धरलं आणि उलटं फिरवत, एकेक फेरा, वर घेतलं. निघालेली माती टाकून दिली नाही. गुडघ्यावर बसून तिनं ती बोटांनी परत त्या भोकात घातली, करडी खाली, तपकिरी वर, जिथली तिथं. वरून तळहातानं दाबली. मग गिरमिट उचलून पोरांच्या मागं गेली. ते बरं केलं.

सगळे गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. ऊन उतरायला लागलं होतं. मी म्हटलं, "झालं ना तुझ्या मनासारखं? चाल आता."

"आत्याबाई."

"काय?"

"तुमचं तोंड दोन जागी फिरलं."

मी टोपलं शोधायला वळले.

"एक ही जागा. आणि एक जांभळीखालची. तिथं कोण आहे?"

"कोणी नाही. चाल घरी."

ती उठली. घरच्या वाटेला न लागता पोरांनी लावलेल्या रांगेतल्या दोन झेंड्या उपटल्या. एक तिनं तिच्या लेकीपाशी लावली. दुसरी घेऊन जांभळीकडं निघाली. मी मागं मागं गेले. थांबवायला गेले असं मला वाटत होतं.

"कुठं लावू?" तिनं विचारलं.

हेमराजच्या आधी मला एक पोरगा झाला होता, तो जगला नाही. माझी सासू त्याला घेऊन गेली आणि हात धुऊन आली. मी बाजेवर होते. ती उंबरा ओलांडून आत आली तेव्हा तिचे पाय मला दिसले. हात धुतले होते तिनं, पाय धुवायचे राहिले होते. बोटांत करडी माती, आणि एका टाचेला जांभळाचा डाग. जांभळं पिकायचे दिवस होते ते. तो डाग मी बघितला आणि डोळे मिटून घेतले. पुढं तेच पाय मी कितीतरी वर्षं रोज रात्री चेपले. ती मरेपर्यंत मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तेव्हापासून त्या सावलीत मी कधी बसले नाही. फळ तोंडात घातलं नाही.

यातलं काहीही मी खेमेश्वरीला सांगितलं नाही. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "नक्की कुठं, ते मले मालूम नाही."

मग सावलीच्या कडेला, उताराच्या बाजूला, तिनं तारेची काडी मातीत खोचली.

"अंदाजानं लावाची," ती म्हणाली. "पण लावाचीच."

दुसऱ्या दिवशी पोरं आपल्या झेंड्या गोळा करून गेली. शिकण्यापुरतीच होती ती रेघ, सरकारदप्तरी काही चढली नाही. दोन झेंड्या मात्र मॅडमनं कुणाला काढू दिल्या नाहीत. निघताना माझ्या अंगणात बूट चढवले, माझ्या पाया पडली आणि गाडीत बसली. परत कधी आली नाही.

खेमेश्वरी रोज दुपारी ओटीत जाऊन बसायला लागली. मी डबा घेऊन जायची. तिला द्यायची आणि जांभळीखाली बसून माझा भात खायची. हेमराजला पुढं लेकरू झालं नाही. मोठीबाईनं जागा दाखवली म्हणून, असं आमच्या बाया म्हणाल्या. माझ्या तोंडावर म्हणायची हिंमत कुणाची झाली नाही, पण म्हणाल्या. त्यांचंच खरं असेलही.

त्या वर्षी पाणी चढलं तेव्हा पोरीची झेंडी आधी गेली. जांभळीखालची उंचावर होती, ती मागं राहिली. ती बुडेपर्यंत आम्ही दोघी पाळीवर उभ्या होतो.